वाकड्या मानेची दुर्बीण

बारक्या दुकानाच्या फरशीवर उताणा झाला, पाय दाराकडे केले, डोकं काउंटरच्या लाकडाला टेकवलं आणि म्हणाला, "हं, आता ठेवा माझ्यावर."

दुकानाची मालकीण दुर्बीण हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने माणसांना चवड्यांवर उभं राहून, स्टुलावर चढून, एकदा तर एकाला त्याच्या बायकोच्या खांद्यावर नळी टेकवून दुर्बीण पारखताना पाहिलं होतं. गिऱ्हाईक आडवं झालेलं आजच पाहत होती.

"अहो, फरशी पुसलेली नाही."

"पुसतोय की मी. शर्टाने."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मी ठणठणीत आहे. ज्याला बघायचंय त्याला उठता येत नाही. तो जसा पडलेला असतो तसा पडून बघतोय."

बाईने पुढे काही विचारलं नाही. विकणाऱ्या माणसात हा गुण दुर्मीळ. तिने तिपाईचे पाय फाकवून बारक्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना रोवले, वर दुर्बीण बसवली आणि स्वतः गुडघ्यांवर बसली. पन्नाशीच्या पुढचा, पोट सुटलेला, हातावर व्हार्निशचे काळे डाग असलेला माणूस तिपाईच्या खाली असा दिसत होता, जणू त्याच्यावर कुणी मांडव घातलाय.

पहिली दुर्बीण सरळ नळीची होती. तिला डोळा लावायला बारक्याला पोटावर ताण देऊन अर्धं उठावं लागलं. दोन श्वासांत मान थरथरायला लागली.

"ही नको. हिच्यासाठी आधी बरं व्हावं लागेल."

"मग वाकड्या मानेची बघा." बाईने दुसरी चढवली. हिचा मागचा भाग, जिथे डोळा लावायचा, तो नळीपासून कोन करून वळलेला होता. "लोक ही घेतात ते वरून वाकून बघायला सोपी म्हणून. पण ही कॉलर सैल केली ना, की अख्खी नळी स्वतःभोवती फिरते. हे बघा."

तिने नळी उलटी केली. वाकडी मान आता खाली आली आणि नळाच्या तोटीसारखी थेट बारक्याच्या डोळ्यावर लटकली. त्याला फक्त पापणी उघडायची होती.

दाराच्या काचेतून समोरची इमारत, तिच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि टाकीवरचं एक कबूतर असं सगळं त्याच्या डोळ्यात उतरलं. कबुतराच्या पायाला दोरा गुंतला होता. दोऱ्याचा रंगसुद्धा कळत होता.

"बाई," तो खालून म्हणाला, "उलटी केली तरी कबूतर सुलटंच आहे."

"आत तशी भिंगं बसवलीयत. तुम्ही कसेही लोळा, जग उभंच दिसतं."

तेवढ्यात दार ढकलून एक गिऱ्हाईक आत डोकावलं. त्याने खाली पडलेला माणूस पाहिला, शेजारी गुडघ्यांवर बसलेली बाई पाहिली आणि "नंतर येतो" म्हणून दार ओढून घेतलं.

"गेलं तुमच्यामुळे," बाई म्हणाली, पण हसून. "आता उठा. साठपट दिसतं म्हणून भाळू नका, तेवढंच सांगते. साठवर नेलं की चित्र अंधारतं आणि उन्हात हवा उकळताना दिसते. तिसाच्या आसपास राहा. या किमतीत कडेला थोडी जांभळी झाक येणार. मधोमध मात्र स्वच्छ."

"कडेचं कुणाला बघायचंय?"

"काही लोकांना कडच दिसते. त्यांना मी विकत नाही."

बारक्या उठला, शर्ट झटकला आणि त्याचा हात आपोआप काउंटरच्या काचेवर गेला. तिथे ती छोटी दुर्बीण उभी होती. पाण्याच्या लहान बाटलीएवढी. खिशात घातली तर खिसा नुसता फुगावा, लोंबू नये. डोंगर चढणाऱ्यांसाठी बनवलेली. मागच्या दोन्ही खेपांना त्याने ती उचलून पाहिली होती, आणि बाईने ते पाहिलं होतं.

"हिच्यात उजेड कमी येतो," ती म्हणाली. "पण पाठीवर ओझं नाही. तुम्ही मागे म्हणालात ना, डोंगरावर जायचंय म्हणून?"

"म्हणालो होतो."

"मोठी डोंगरावर नेलीत तर खांदा निघेल. छोटी घरात ठेवलीत तर संध्याकाळी काही दिसणार नाही. दोन्हीकडे चालेल अशी एक मागायला रोज माणसं येतात. तशी नसते."

दोन घेण्याची ऐपत नव्हती. ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. त्याने छोटी दुर्बीण काचेवर परत उभी केली आणि ती पडू नये म्हणून वर थोडा वेळ बोट धरून ठेवलं.

"वाकड्या मानेची द्या. तिपाई नको."

"तिपाईत पैसे वाचवू नका हो. हलत्या पायावरची दुर्बीण म्हणजे दारुड्याच्या खांद्यावर बसून नेम धरणं."

"हलणार नाही. लोखंडात जन्म गेलाय माझा."

*

दादा क्रेनवर आणि बारक्या जमिनीवर, असं दोघा भावांचं आयुष्य तीस वर्षं चाललं होतं. उंच इमारती बांधायची ती मनोऱ्यासारखी क्रेन. दादा तिच्या वरच्या केबिनमध्ये, आणि खाली, हुकाजवळ, हाताने खुणा करणारा बारक्या. वर घे, खाली सोड, डावीकडे, थांब. वरच्या माणसाला खालचं ओझं धड दिसत नाही. त्याला दिसतो तो एक माणूस आणि त्याचे हात. त्या माणसावरून डोळा काढायचा नाही, हा त्या कामाचा धर्म. साइटवरचे लोक म्हणायचे, वर एक भाऊ, खाली एक भाऊ, मधे नुसतं लोखंड. वॉकीटॉकी आली तेव्हाही दादाचा भरवसा हातांवरच राहिला. आवाजात खरखर येते, म्हणायचा, हातात येत नाही.

वर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून दादाने पक्ष्यांशी ओळख काढली. क्रेनच्या लांब दांड्यावर एक ससाणा येऊन बसायचा, आणि त्याचं जेवण होईपर्यंत दादा दांडा हलवायचा नाही. खाली मुकादम शिव्या घालायचा. वर देवाघरची पंगत चाललेली असायची.

आणि एवढी वर्षं ढगात बसलेला तो माणूस पडला तो क्रेनच्या शिडीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवरून. कंबरेखालचं सगळं गेलं. दुसऱ्या कुणाच्या क्रेनखाली उभं राहणं बारक्याला जमेना. त्याने ते काम सोडलं आणि घराच्या बाहेरच्या खोलीत पंख्यांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायला घेतली. आतल्या खोलीत दादाचा पलंग, पाय खिडकीकडे. खिडकीचा कठडा नेमका असा उंच की पडलेल्या माणसाला आभाळाची एक चौकट दिसावी आणि खालचं जग नाही.

"बारक्या, काय दिसतंय रे?"

ही हाक दिवसातून किती वेळा यायची याला गणती नव्हती. बारक्या कॉइलचे वेढे मोजत असायचा. हाक आली की मोजणी विसरायची, हात पुसून आत जायचं, जुनी दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि सांगायचं.

"काळा पक्षी आहे. तळ्यावर."

"काळा म्हणजे? कावळा काळा, पाणकावळा काळा, तुझे हातही काळे. चोच सांग."

"लांब आहे."

"किती लांब? तुझ्या जिभेएवढी की माझ्या?"

"तुझ्याएवढी असती तर पक्षी उडला नसता."

दादा हसायचा, आणि हसला की बारक्याला पुन्हा जाऊन वेढे पहिल्यापासून मोजायचं दुःख वाटायचं नाही. निदान पहिली काही वर्षं वाटलं नाही. अलीकडे मात्र तो हाकेच्या आधीच हात थांबवून बसू लागला होता. कान आतल्या खोलीकडे. हाक आली नाही तरी वेढे पुढे सरकत नसत.

तळ्याच्या पलीकडे एक उघडा डोंगर होता. त्याची कड बारक्याने दादाला इतक्या वेळा सांगितली होती, की डोळे मिटून ती भिंतीवर रेखता आली असती. सकाळी ती कशी तांबूस होते, टिटव्या कुठल्या उतारावर ओरडतात, शेळ्यांची वाट कुठून जाते. सगळं सांगून झालं होतं. पाऊल मात्र कधी पडलं नव्हतं. आपण जाऊन आलेलो नाही अशा जागेचं आपण रोज वर्णन करतो, हे एकदा मनात आलं आणि मग गेलं नाही.

म्हणून ही दुर्बीण. त्याचा हिशोब साधा होता: दादाला स्वतःच्या डोळ्याने दिसायला लागलं, की माझे डोळे सुटतील.

त्याने पलंगाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आवळल्या, त्यांच्यावर पंख्याचा एक जुना दांडा आडवा टाकला आणि दांड्यावर, नळी कठड्याच्या वरून बाहेर बघेल अशी, दुर्बीण उलटी बसवली. सकाळ-दुपार दादाचं अंग पुसायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"छातीवर पडलं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"पडणार नाही, मावशी."

"अहो, पडू दे," दादा म्हणाला. "माणूस क्रेनवरून पडलाय, आता क्रेन माणसावर पडू दे. फिट्टंफाट."

बारक्याने खिडकी सताड उघडली आणि वाकडी मान दादाच्या डोळ्यावर आणली. "हे चाक हळूच फिरव. धूसर जाईल."

दादाने चाक फिरवलं. मग त्याचा हात चाकावरून दांड्यावर गेला आणि त्याने नळी केसभर डावीकडे नेली, थांबवली, केसभर खाली. बारक्याने तो हात ओळखला. केबिनमधल्या दांड्यांवर तो असाच चालायचा. टनभर लोखंड अंड्यासारखं ठेवायचा.

"देवा," दादा म्हणाला. नंतर बऱ्याच वेळाने, "बारक्या, गाढवा, एवढी वर्षं ज्याला तू बगळा म्हणत होतास ते खांबाला अडकलेलं प्लास्टिक आहे रे."

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. दादाच्या मोकळ्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं. ते पुसायला त्याने दुर्बीण सोडली नाही.

हीच वेळ बरी, म्हणून बारक्याने विषय काढला. "दादा, रविवारी मावशी दुपारपर्यंत थांबतायत. मी जरा जाऊन येईन म्हणतो."

"कुठे?"

"डोंगरावर."

"तिकडे काय पुरून ठेवलंयस?"

"चालायला."

"चालायला इथे जागा नाही?" हे बोलून झाल्यावर दादाला ती जागा आठवली असावी: दोन खोल्या आणि मधला बोळ. तो दुर्बिणीतच बघत राहिला. "जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?"

हेच तर अवघड होतं. बांधलेलं असतं तर गाठ तरी सापडली असती.

*

रविवारी सकाळी निघताना वारा होता. वाऱ्याला अडवेल असं त्याच्याकडे एकच होतं, साइटवरचं नारिंगी जाकीट, पाठीवर चकाकत्या पट्ट्या असलेलं. त्याने ते विचार न करता चढवलं, गळ्यात जुनी दुर्बीण अडकवली आणि तळ्यापर्यंतची बस धरली.

चढण सोपी होती, पण त्याचे पाय सपाट जमिनीचे. थोडं चढायचं, कंबरेवर हात ठेवून धापा टाकायच्या. शेळ्यांची वाट लांबून दिसायची तशी एक नव्हतीच; जवळ आल्यावर तिच्या दहा वाटा झाल्या, आणि कुठलीही धरली तरी चालत होतं. याची त्याला फार गंमत वाटली. एकदा तो एका वाटेने थोडा वर गेला, परत आला आणि शेजारच्या वाटेने गेला. कुणी का म्हणून विचारलं नाही.

अर्ध्या उतारावर एक सपाट दगड होता. तो बसला. खाली तळं, तळ्यापलीकडे शहर, काडेपेट्या उभ्या केल्यासारखं. आपली काडेपेटी कुठली हे त्याला ओळखू आलं नाही, आणि ओळखायचा त्याने प्रयत्नही केला नाही. कानात नुसता वारा. हाक नव्हती. त्याने दुर्बीण उचलली.

फोन वाजला.

"दिसलास!" दादाचा आवाज असा की बारक्याने फोन कानापासून दूर धरला. "अरे, दिसलास! मघापासून तो नारिंगी ठिपका बघतोय मी. म्हटलं, एवढा मोठा डोंगर पडलाय आणि हा बदकासारखा एकदा वर, एकदा खाली कोण करतोय? बारक्याच!"

बारक्या उभा राहिला. का, ते त्यालाही कळलं नाही.

"तुझ्या पायात लाल मोजे आहेत. मावशी विचारतायत, पोट एवढं कधी सुटलं?"

"मावशींना कसं दिसलं?"

"मी सांगतोय ना त्यांना! मी बघतो आणि सांगतो." दादा धाप लागल्यासारखा बोलत होता, जणू चढण तोच चढला होता. "ऐक. तुझ्या उजव्या हाताला, थोडं वर, काटेरी झुडूप आहे. त्याच्या मुळाशी टिटवी बसलीय. अंड्यांवर असणार. हळू जा. हळू म्हटलं ना! हं. आणखी दोन पावलं. थांब. आता बस खाली. दिसली?"

"दिसली."

"डोळ्याभोवती पिवळं आहे?"

"आहे."

"मला दिसतंय ते. खात्री करून घेतली. आता मागे ये. डावीकडून वर चढ, तिथे दगडांमध्ये काहीतरी हललं."

बारक्या डावीकडून वर चढला. तिथून आणखी थोडा वर, मग आडवा, मग परत खाली, कारण दादाला वाटलं की दगडात हललेलं ते धोबी पक्ष्याचं शेपूट होतं आणि धोबी खाली उडाला. ऊन चढत होतं. फोन कानाला लावून लावून कान तापला. दादा खूश होता. असा खूश तो केबिनमध्येसुद्धा नसायचा. तिथे निदान खालच्या माणसाच्या हातांकडे बघावं लागायचं. इथे खालच्या माणसाला हात नव्हतेच, नुसते कान होते.

एका जागी वाळलेल्या गवतात उभा असताना बारक्याच्या लक्षात आलं, की फोन आल्यापासून त्याने स्वतःच्या मनाने एकही पाऊल टाकलेलं नाही. गळ्यातली दुर्बीण छातीवर आपटत होती. साइटवर रिकामं टोपलं हुकाला टांगलं की वाऱ्यावर असंच आपटत राहायचं.

फोन बंद करता आला असता. बंद केला तर दादा घाबरेल. मावशींना खाली पिटाळेल, शेजाऱ्यांना उठवेल. आणि खरं म्हणजे बंद केला तरी तो डोळा बंद होणार नव्हता. जाकीट काढून टाकता आलं असतं. पण आतला शर्ट पांढरा होता, तोही लपला नसता.

वर, डोंगराच्या कडेला, घोड्याच्या पाठीसारखा एक खोलगट भाग होता. घरच्या खिडकीतून तो नुसता एक बाक वाटायचा. इथून दिसत होतं की वाट त्याच्यावरून पलीकडे उतरते. बारक्या तिकडे निघाला.

"अरे, तिकडे कुठे? तिकडे काही नाही."

"जरा जातो."

"तिकडे आड जातोस तू. खाली ये, मला दिसत नाहीस तिकडे गेलास की."

"दादा, मी जरा पलीकडे जाऊन येतो."

"पलीकडे काय आहे?"

"माहीत नाही."

"मग?"

"म्हणून तर."

पलीकडे मावशींनी कुठेतरी बादली सरकवली. दादा बोलला तेव्हा त्याच्या आवाजात ना टोमणा होता, ना राग. राग असता तर सोपं गेलं असतं.

"मग मी काय बघू?"

"तळं आहे की. पाणकावळे आहेत."

"ते आहेतच रे."

बारक्या कडेच्या थोडा अलीकडे थांबला. पुढे दहा-बारा पावलांवर डोंगर संपत होता आणि नुसतं आभाळ लागत होतं. तो मागे वळला. शहरातल्या त्या हजार खिडक्यांमधली एक. कुठली ते त्याला दिसत नव्हतं, पण त्या खिडकीला आपण मधोमध, स्वच्छ दिसतोय, कडेच्या जांभळ्यापासून दूर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फोन दगडावर ठेवला. आणि मग हातांनी जे केलं ते त्यांनीच केलं. त्याने काही ठरवलं नव्हतं.

दोन्ही हात वर गेले, डोक्यावर मनगटांशी एकमेकांवर आडवे आले, तसेच थांबले आणि सावकाश खाली आले.

दिवसाचं शेवटचं ओझं उतरलं की ही खूण करायची असे. काम संपलं; हुक वर घे, ब्रेक लाव, खाली उतर. दिवसभरात वरच्या माणसाने खालच्यावरून नजर हटवायची नाही, ती हटवायची परवानगी एवढ्या एका खुणेने मिळायची. आणि ही खूण झाली की दादाने कधी का म्हणून विचारलं नव्हतं. अजून उजेड आहे, आणखी एक फेरी होईल, असं मुकादम म्हणायचा. दादा नाही. खालच्याने संपलं म्हटलं की संपलं.

बारक्याने फोन उचलला. एक पाकोळी त्याच्या डोक्यावरून वारा कापत गेली. दादाने ती दाखवली नाही.

मग आवाज आला, सपाट, कामातला. तो आवाज बारक्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"हुक रिकामा?"

संध्याकाळी वॉकीवर हे एवढंच विचारलं जायचं. हुकाला काही लटकत ठेवून कुणी घरी जायचं नाही. वारा येतो, ओझं झुलतं, सकाळपर्यंत काय होईल सांगता येत नाही. बारक्या तेव्हा मान वर करून हुकाकडे नीट बघायचा आणि मगच उत्तर द्यायचा. रोज बघायचा, दिसत असलं तरी. आज कुठे बघून सांगायचं ते त्याला कळेना. त्याने शहराकडे बघितलं.

"रिकामा, दादा."

"नक्की?"

बादलीचा आवाज थांबला होता. मावशीही ऐकत असाव्यात.

"नक्की."

"मग डोळा काढतो," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्याने डोळा खरंच काढला की नाही, हे खालच्या माणसाला कळायची सोय तेव्हाही नव्हती. तेव्हाही विश्वासच ठेवायचा असे. बारक्या थोडा वेळ तिथेच उभा राहिला. जाकीट घातलेला, उन्हात, कुणालाही सहज दिसेल असा. मग तो वळला आणि ती दहा-बारा पावलं चालला.

पलीकडे आणखी एक उतार होता. गुडघाभर गवत, दूर दुसरा डोंगर, त्याच्यामागे तिसरा. घर नव्हतं, खिडकी नव्हती, तळं नव्हतं. कसलासा छोटा पक्षी गवताच्या काडीवर बसून झुलत होता. त्याचं नाव बारक्याला येत नव्हतं. त्याने दुर्बीण उचलली नाही. फोन हातात धरून तो वाट पाहत राहिला, आणि फोन वाजला नाही.

हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना. ते त्याने खिशात घातले, बाहेर काढले, मग दोन्ही बाजूंना नुसते सोडून दिले. थोड्या वेळाने त्याने उजव्या हाताचं एक बोट, ‘वर घे’ची खूण करावी तसं, हलवून पाहिलं.

कुठे काही हललं नाही.